फोडणीला थांबणारे गुरुजी

नंदनवन, नागपूर
२० ऑगस्ट १९७९

चि. प्रेमिला,

सिंधूताई आशीर्वाद लिहून मोकळ्या होत होत्या, मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आधी पोरगी काय म्हणते ते पाहू. आशीर्वाद शेवटी, उरले तर.

तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचून दाखवलं, एकदा चहाआधी आणि एकदा चहानंतर. दोन्ही वेळा तू रडतच होतीस. सिंधूताई म्हणजे आपल्या शेजारच्या, लकडगंजात लाकडाच्या टालीवर लिहायचं काम करतात. अक्षर सागवानासारखं सरळ आहे म्हणतात, मला काय कळणार. त्यांना एक खोड आहे. मी ‘मले’ म्हणते, त्या ‘मला’ लिहितात. पत्र शुद्ध पाहिजे म्हणे. तेव्हा बोलणं माझंच समज, फक्त लुगडं त्यांचं नेसलं आहे.

तर तुझं गाऱ्हाणं मला समजलं ते असं. बोरडोहच्या शाळेत नोकरी लागली, पण चौथीची पोरं ऐकत नाहीत. ओरडून ओरडून तुझा घसा बसला. दिवाळीच्या सुट्टीआधी राजीनामा देऊन नागपूरला परत यायचं मनात आहे. त्यात हेडमास्तर म्हणाले, दिवाळीनंतर मोठ्या खोलीत गुरुजींचा फोटो लावायचा आहे, तुम्ही त्यांच्या घरातल्या, तुम्हीच बोला. म्हणून आजीला विचारतेस, गुरुजी कसे होते.

सांगते. पण नाव तूच घाल, मी घेणार नाही. ते माझे भासरे, तुझ्या आजोबांचे थोरले भाऊ. भासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, समोर जायचं नाही, बोलायचं नाही. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही, जेवायला आमच्याकडेच. एका घरात जन्म गेला, पण मी त्यांचं तोंड नीट पाहिलेलं नाही. पाय मात्र हजारात ओळखीन. ते दारातून खाकरत, मी पदर ओढे. मी बांगड्या वाजवी, ते समजत, ताट आलं. मग मी दारातून ताट ओसरीवर सरकवून बाजूला होई.

बोलायचंच झालं तर मधे मांजर होती, मनी. ते ओसरीवरून म्हणत, “मने, आज वरणात मीठ नाई वाटते.” मी दाराआडून म्हणे, “मने, त्याइले सांग, मीठ ताटात डावीकडं हाय.” मनी दोघांकडे बघे आणि झोपी जाई. पण निरोप कधी चुकला नाही.

आता मुद्द्याचं. गुरुजींचा आवाज! छपरावरचे कवेलू हलत, कवेलू. दिवसभर शाळा करून संध्याकाळी ओसरीवर पोरं जमवत आणि पुन्हा शिकवत. चुलीपाशी बसून मला शब्दन् शब्द ऐकू येई. मास्तर असावा तर असा. तेव्हा घसा बसला म्हणून रडू नकोस. ज्येष्ठमध चघळ आणि याहून मोठ्याने ओरड. आपल्या घराण्याची रीतच ती.

आशीर्वाद थोडे उरले आहेत, घे.

तुझी आजी जयवंता


बोरडोह, ता. कळमेश्वर
३ सप्टेंबर १९७९

ती. आजी,

आधी नमस्कार सिंधूताईंना, कारण पत्र पहिलं त्यांच्या हातात पडणार. मग तुला.

तुझा सल्ला मी मानला, आणि आता माझा आवाज पुरता गेला. तीन दिवस ओरडले. चौथ्या दिवशी वर्गातली अर्धी पोरं माझी नक्कल करत होती आणि उरलेली ती बघत होती. पाचव्या दिवशी तोंड उघडलं तर नुसती हवा.

घसा शेकून संध्याकाळी बाबारावांकडे गेले. ते शाळा समितीचे अध्यक्ष, संत्र्याचा बगिचा आहे त्यांचा, आणि लहानपणी गुरुजींच्या हाताखाली शिकलेले. म्हटलं, गुरुजींसारखा मोठा आवाज कसा काढायचा ते सांगा. ते माझ्याकडे बघतच राहिले.

“कोनं सांगितलं वं तुले?” म्हणाले. “रुपराव गुरुजी तं इतके हळू बोलत का कडुनिंबावर पाखरू आलं तरी आम्हाले तेच जास्त आयकू ये. आम्ही श्वास रोखून बसत होतो.”

मग बरंच सांगत बसले. शाळेत गुरुजींनी कोणावर कधी आवाज चढवला नाही. संत्र्याच्या तोडीत पोरं बगिच्यात कामाला जात, तर गुरुजी फळा डोक्यावर घेऊन बगिच्यात जात आणि दुपारच्या भाकरीच्या वेळात तिथेच वर्ग घेत. नदीला पूर आला की काठावर उभे राहून हातांनी आकडे दाखवत आणि पलीकडच्या काठावरची पोरं पाटीवर गणित सोडवून वर धरत. गावात आज ज्याला सही करता येते, त्याचा हात पहिल्यांदा गुरुजींनी धरलेला आहे, असं बाबाराव म्हणतात. मी ऐकत होते आणि लहान लहान होत होते. अशा माणसाच्या खोलीत मी उभी राहते, आणि माझ्याकडे पोरं ढुंकून बघत नाहीत.

पण आजी, तुझे गुरुजी आणि बाबारावांचे गुरुजी एकच का गं? एकाच्या आवाजाने कवेलू हलत, दुसऱ्याला पाखरू गप्प करे. फोटोसमोर मी कोणाबद्दल बोलू?

का कोण जाणे, बोलण्याची वेळच येणार नाही असं वाटतं. राजीनामा लिहून पिशवीत ठेवला आहे.

तुझी
प्रेमिला


नंदनवन, नागपूर
१४ सप्टेंबर १९७९

चि. प्रेमिला,

बाबारावाला माझा निरोप सांग, की त्याच्या कानात लहानपणापासून मळ होता. त्याच्या मायनेच मला सांगितलं होतं.

मी बहिरी नाही. त्या माणसाचा आवाज मी संसारभर ऐकला. हळू बोलत म्हणे! ओसरीवर ते शिकवत, तेव्हा शेजारच्या गोठ्यातली गाय कान टवकारे. आता सगळंच सांगते, म्हणजे तुझी खात्री पटेल की माझे गुरुजी खरे.

माझं लग्न होऊन वर्ष झालं असेल. घरात मास्तर आहे, म्हणून मला हौस आली. एका रात्री भाकरी थापता थापता तुझ्या आजोबांना जरा मोठ्यानेच म्हटलं, “तुमच्या भावाले म्हना नं, मले बी दोन अक्षरं शिकवा.” ते हसले. म्हणाले, “घरात एक मास्तर पुरे. तुले का तहसीलदार व्हाचं हाय?” चूक त्यांची नाही. भासऱ्याने भावाच्या बायकोचा हात धरून अक्षर गिरवून घ्यायचं, हे कोणाला सुचलं असतं? मलाही लगेच लाज वाटली. विषय तिथेच संपला.

आणि त्याच पंधरवड्यात काय झालं, तर गुरुजींची संध्याकाळची शिकवणी जी मारुतीच्या पारावर भरत होती, ती त्यांनी उचलून आमच्या ओसरीवर आणली. मी अशी चिडले की विचारू नकोस. सकाळी सारवलेली ओसरी, संध्याकाळी पोरांच्या चिखलाच्या पायांनी भरलेली. मनीजवळ तक्रार केली, “मने, पार काय पडला होता का?” ओसरीवरून उत्तर आलं नाही.

पण कान काही झाकता येत नाहीत. बसल्या बसल्या ऐकू आलं ते राहिलं. नद्या ऐकल्या, डोंगर ऐकले, समुद्राचं पाणी चढतं नि उतरतं ते ऐकलं. समुद्र मी अजून पाहिला नाही, पण तो मला चकवू शकणार नाही. त्यांचं सांगणंही मजेचं. दिवस-रात्र कशी होते सांगताना म्हणाले, “चुलीतला जाळ म्हंजे सूर्य. हातातली भाकर म्हंजे पृथ्वी. आता ते भाकर जाळासमोर फिरवून पाहा.” पोरांच्या हातात कुठली भाकर? भाकर माझ्या हातात होती. मी फिरवली. एका अंगाला दिवस झाला, दुसऱ्या अंगाला रात्र. पाहतच राहिले, आणि पृथ्वी करपली. ती त्या रात्री मीच खाल्ली.

भूक मात्र त्यांना फार. सगळं मोठ्याने चाललेलं असे, आणि मी फोडणी टाकली की एकदम गप्प. तेल चरचर करून शांत झालं की पुन्हा सुरू. मला वाटे, वासाने जीव कासावीस होत असेल बिचाऱ्याचा. म्हणून मी फोडणी लवकर टाकू लागले. तर जेवायला यायचे नाहीत, नुसते थांबायचे आणि पुढे वाचायचे.

म्हातारपणी थोडे चळले होते. नोकरी संपली, गावात दुसरे तरुण मास्तर आले, ओसरीवर पोरं येईनाशी झाली. तरी रोज संध्याकाळी ते रिकाम्या ओसरीला वर्तमानपत्र वाचून दाखवत. मोठ्याने, पहिल्या पानापासून. लोक हसत. मीही पदरात हसले आहे.

आणि शेवटच्या दिवसांत तर भ्रमच झाला. अंथरुणावरून एका संध्याकाळी हळूच म्हणाले, “मने, आज आवाज निघत नाई.” मनी मरून किती वर्षं झाली होती! मी दाराआड उभी होते. मेलेल्या मांजरीच्या वतीने काय बोलावं ते सुचलं नाही. पदर डोळ्याला लावला आणि पाणी ठेवून आले. दोन दिवसांनी गेले.

आता सांग, हे सगळं खोटं का? तुझा तो कागद पिशवीतून काढू नकोस, घसा बसला म्हणून बाई शाळा सोडून घरी येत नसते. आणि बाबारावाला कान दाखवून घ्यायला सांग.

आजी जयवंता


बोरडोह
६ ऑक्टोबर १९७९

ती. आजी,

तीन आठवडे लिहिलं नाही, रागावू नकोस. तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं आहे की सिंधूताईंचं अक्षर आता माझं वाटायला लागलं आहे. हे पत्र त्यांना जरा थांबत थांबत वाचायला सांग.

आपलं जुनं घर बाबारावांनी घेतलं, तुला माहीतच आहे. तिथे ते संत्र्याच्या रिकाम्या पेट्या ठेवतात. गेल्या रविवारी मी त्यांना घेऊन तिथे गेले. त्यांना ओसरीवर उभं केलं आणि मी आत जाऊन तुझ्या चुलीच्या जागी बसले. चूल नाही, पण भिंत काळी आहे, त्यावरून कळतं. म्हटलं, बाबारावजी, गुरुजी शाळेत बोलत तसे बोला. ते काहीतरी बोलले. मला ओठांची कुजबुजही आली नाही. मातीची भिंत आहे आजी, हातभर जाड. मग म्हटलं, साधं बोला, आपण बोलतो तसं. नुसती भुणभुण आली. मग म्हटलं, ओरडा. तेव्हा कुठे बेचा पाढा आत आला, अगदी स्वच्छ.

मी बाहेर आले. बाबाराव ओसरीच्या कडेला बसले होते, डोक्याला हात लावून. त्यांना आठवत होतं. शाळेतले गुरुजी आणि ओसरीवरचे गुरुजी वेगळे होते, हे त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही मनाशी जुळवलं नव्हतं. शाळेत गुरुजी दाखले देत ते बैलाचे, वखराचे, विहिरीचे. ओसरीवर चुलीचे, तव्याचे, पाट्या-वरवंट्याचे. पोरं हसत, म्हणत गुरुजी स्वयंपाक शिकवतात. आणि ओसरीवर ते पोरांकडे तोंड करून बसतच नसत. पोरांकडे पाठ, घराच्या भिंतीकडे तोंड.

मग ते म्हणाले, “आतून फोडनीचा आवाज आला का गुरुजी वाचनं थांबवत. आम्हाले वाटे, भूक लागली.”

मी म्हटलं, आजीलाही तेच वाटलं होतं.

आजी, शाळेत पाखरापेक्षा हळू बोलणारा माणूस घरी येऊन कोणासाठी ओरडत होता? भाकर कोणाच्या हातात होती? हे तूच लिहिलं आहेस. तू आजोबांना अक्षरं मागितलीस, तेव्हा भिंतीपलीकडे ते बसलेले असणार. आवाज काही एकाच बाजूने जात नाही. ते ओसरीवरच्या पोरांना नव्हते शिकवत. पोरांना शाळेतच शिकवून झालेलं असे. ते तुला शिकवत होते.

आता माझं. आवाज गेला होता म्हणून मी वर्गात कुजबुजतच शिकवू लागले, दुसरा इलाजच नव्हता. दोन दिवस गोंधळ वाढला. तिसऱ्या दिवशी मी नदीच्या उगमाची गोष्ट सांगत होते, तर मागच्या पोराने पुढच्याला टपली मारली. म्हणाला, “गप ना बे, बाई का म्हणून राहिली ते आयकू दे.” सगळी पोरं सरकत सरकत माझ्या पायापाशी आली. रोज असं होत नाही. काल पुन्हा बाजार भरला होता. पण एकदा झालं आहे, आणि ते मी पाहिलं आहे. हेडमास्तरांनी विचारलं, सुट्टीत खोलीची किल्ली कोणाकडे ठेवायची. मी म्हटलं, माझ्याकडे राहू द्या, सुट्टी संपली की मीच उघडीन. पिशवीतल्या कागदाने घरमालकिणीची चूल पेटवली.

आता तूच सांग, फोटोसमोर मी काय बोलू? मी त्यांना ओळखत नाही. तू ओळखतेस. तू येशील का?

तुझी
प्रेमिला


नंदनवन, नागपूर
१७ ऑक्टोबर १९७९

चि. प्रेमिला,

तुझं पत्र येऊन आठवडा होत आला. सिंधूताई रोज कागद घेऊन येत आणि मी रोज त्यांना चहा पाजून परत पाठवी. त्यांना वाटलं, म्हातारीची तब्येत बिघडली. तब्येत ठीक आहे. पण इतकी वर्षं जो हंडा मी पालथा समजत होते तो भरलेला निघाला, तर माणूस जरा बसतंच.

मी त्यांना म्हटलं, सिंधूताई, मी जन्मभर समजत होते की मी चोरून ऐकते. पोरांच्या वाट्याचं थोडं थोडं आपल्या पदरात पडतं, आणि ते कोणाला कळत नाही. चोरी कसली! तो माणूस रोज ताट वाढत होता. मी दारातून त्यांचं ताट सरकवत होते, आणि ते भिंतीतून माझं. मी वाढलेल्या ताटात मीठ कमी पडलं तर त्यांना मनीला सांगता येत होतं. त्यांनी वाढलेल्या ताटात तर कधी काही कमी पडलंच नाही.

अक्षर तेवढं आलं नाही. आवाज भिंतीतून येतो, अक्षर येत नाही. त्याला समोर बसावं लागतं. ते त्यांना करता येत नव्हतं, म्हणून उरलेलं सगळं त्यांनी केलं. जे जे भिंतीतून जाण्यासारखं आहे ते सगळं.

रिकाम्या ओसरीचं मनातून जात नाही बाई. पोरं येत नव्हती, तरी वर्तमानपत्र. लोक हसत होते ते त्यांना ऐकू येत नसेल का? माझं हसणंही ऐकू गेलं असेल, भिंत तीच. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून. आणि कधी एका शब्दाने, मांजरीच्या तोंडूनही, सांगितलं नाही की हे तुझ्यासाठी आहे. सांगितलं असतं तर मला बंद करावं लागलं असतं. लाजेनेच. हेही त्यांना कळत होतं. एवढं मोठं काम एवढं लपवून करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हाही नीट पाहिला नाही. पायच पाहिले.

असो. सिंधूताईंचा चष्मा ओला झाला आहे, त्या पुसतात तोवर मी माझ्या अटी ठरवते.

मी येईन. कळमेश्वरला एस.टी.वर घ्यायला शाळेतल्या बाईंनीच यायचं, ज्यांच्याकडे खोलीची किल्ली आहे त्यांनी. दुसऱ्या कोणाबरोबर मी येणार नाही. हार-नारळ मला नको. बाबारावाची माफी मागीन, त्याचे कान चांगले आहेत.

आणि खुर्ची फोटोसमोर मांडायची नाही. फोटो झाला तरी भासरेच ते. समोर बसून बडबडले तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. त्यांचा फोटो खोलीत आतल्या भिंतीला लावा आणि पोरांना तिथे बसवा. मी बाहेर व्हरांड्यात बसेन, भिंतीच्या या बाजूला, डोक्यावर पदर घेऊन. तिथून सांगेन सगळं. सूर्याचं, भाकरीचं, समुद्राचं, गुरुजी बगिच्यात फळा नेत ते. शाळेची भिंत आता विटांची असेल, तरी पाहू. पोरं श्वास रोखून बसली तर ऐकू जाईल.

भाषण संपलं की शेवटचं एक वाक्य आहे. ते आधीच लिहून ठेवते, ऐन वेळी आवाज निघाला नाही तर तू वाच. सिंधूताई, आता माझ्या बोलण्याला हात लावायचा नाही. म्हणते तसंच लिहा.

“मने, त्याइले सांग, मले सगळं आयकू आलं.”

तुझी आजी
जयवंता